गुडघा पोटाशी

जुबेदा,

आज पहाटे सतरंजी अंथरली आणि तिच्यावर नुसती बसून राहिले. हात वर उचलायचे, टाचा उचलायच्या, एवढंच तर असतं सुरुवातीला. पण हात उचललेच नाहीत. शेवटी सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात ठेवली आणि चूल पेटवायला गेले. आमचे हे म्हणाले, "आज लवकर आटोपलं?" मी हो म्हणून मोकळी झाले. तू गेल्यापासून अशी बारीकसारीक खोटी मी बरीच बोलते.

माझा दमा परत आलेला नाही. आसनं बंद आहेत, झोप नाही, रडणं चालू आहे, तरी छाती स्वच्छ आहे. हेच मला खुपतं. एखाद्या सकाळी उठून जुन्यासारखं धापा टाकत बसावं लागलं असतं, तर थोडं तरी फेडल्यासारखं वाटलं असतं. पण श्वास कसा आत जातो आणि कसा बाहेर येतो, काही अडत नाही.

यांची बदली होऊन आम्ही लोणावळ्याला आलो, तेव्हाची मी तुला आठवते का? यांचं काम स्टेशनच्या मालधक्क्यावर, दिवसभर बाहेर. मी घरात एकटी, आणि इथल्या धुक्यानं छातीत शिट्ट्या वाजायच्या. आपल्या दोघींची मागची दारं समोरासमोर. तू तुमच्या दुकानाच्या विड्याच्या पानांच्या करंड्यांवर पाणी शिंपडत बसायचीस आणि मला खोकताना ऐकायचीस. एके दिवशी तिथूनच ओरडून म्हणालीस, "ओ वैनी, तुमच्या छातीत काय इंजान बसलंय का घाटातलं?" मला राग आला आणि मी हसलेही. हसताना पुन्हा खोकला आला. तू करंडी टाकून धावत आलीस आणि माझी पाठ चोळत बसलीस.

डॉक्टरांनी मला आसनं शिकायला सांगितलं. गावाबाहेरच्या योगाश्रमात शिकून आलेल्या एक बाई बायकांना घरी शिकवत. त्यांना सगळ्या नुसतं 'बाई' म्हणत. मला एकटीला जायची लाज वाटत होती. काष्टा घालून, चार परक्या बायकांपुढे हातपाय वर करायचे म्हणजे काय! तुला काहीही दुखत नव्हतं, तरी तू म्हणालीस, "चला, मी येते. लाज काय, निम्मी निम्मी वाटून घेऊ."

पहिल्या दिवशी बाईंनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, पाय दुमडून टाचांवर बसा, पाठ ताठ, हात मांडीवर. याला वज्रासन म्हणतात. आम्हा सगळ्यांचे घोटे बोंबलायला लागले. कुणी इकडे कलली, कुणी तिकडे. तू मात्र देवळातल्या मूर्तीसारखी बसलीस आणि म्हणालीस, "ह्ये तर आमचं नमाजाचं बसनं हाय." सगळ्यांनी माना वळवून तुझ्याकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "मग तू पुढं ये. यांना नीट दिसेल अशी बस." तू पुढे जाऊन बसलीस, आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या तुझ्या. तुझ्या चेहऱ्यावर तशी लाज मी पुन्हा कधी पाहिली नाही.

बाकी तुला लाज म्हणून नव्हतीच. बाई संस्कृत नाव सांगायच्या आणि तू लगेच त्याचं बारसं करायचीस. ताडासन म्हणजे फळीवरचा डबा काढायचं आसन. शलभासन म्हणजे नाकतोडा. भुजंगासनाला तू नागीणच म्हणायचीस आणि मान वर करून अशी काही फुस्स करायचीस की शेजारची हसून पालथी पडायची. पवनमुक्तासनाच्या दिवशी तर कहर झाला. उताणं पडून एक गुडघा दोन्ही हातांनी पोटाशी दाबायचा, म्हणजे पोटातला वारा सुटतो, असं बाईंनी समजावलं. तू छताकडे बघत म्हणालीस, "बाई, मंग खिडकी उघडा की." बाईसुद्धा तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या.

त्याच दिवशी त्यांनी परत आत येऊन एक गोष्ट सांगितली होती. गंभीरपणे सांगितली होती. ती मी पुढे लिहिते. आत्ता हात धजत नाही.

शवासन तुला कधी जमलं नाही. पाठीवर पडून अंग सैल सोडायचं, डोळे मिटायचे, बोलायचं नाही. तेवढ्या वेळात तू मला कोपर टोचून तुझ्या नवऱ्याच्या, रशीदभाईंच्या घोरण्याची नक्कल करून दाखवायचीस. एकदा मी चिडून कुजबुजले, "अगं, मर की जरा वेळ!" तू म्हणालीस, "मेल्यावर गप्पच पडायचंय वैनी, आत्तापासनं कशापायी?" तेव्हा आपण किती हसलो होतो. आता ते माझे शब्द आठवले की मी घरातल्या घरात चालायला लागते, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत.

वर्ष-दीड वर्षात माझा दमा सुटला. बाईंना गुडघ्यांचा त्रास सुरू झाला, तेव्हा नव्या बायकांना पहिली आसनं दाखवायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. मला कुणी असं काही काम दिलं ते आयुष्यात पहिल्यांदाच. मी सुपारीएवढी होते ती नारळाएवढी झाले. "पाठ ताठ", "श्वास सोडा", "मान सैल" असं बोलताना माझा आवाजच बदलायचा. तू एकदा म्हणालीसही, "वैनी, तुमी शाळामास्तरणीवानी बोलाय लागलाय." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

मग ते तुझ्या माहेरच्या भाजे गावावरून झालेलं भांडण. भांडण तरी कसं म्हणू? तू एक वाक्य बोललीस आणि मी दहा. लढाईमुळे रॉकेल मिळेनासं झालं होतं, म्हणून वर्ग दुपारीच उरकायचा. परत येताना तू म्हणालीस, "वैनी, आमच्या भाज्यात बाया भात लावून लावून पार वाकल्यात. कंबर धरून चालत्यात वो. मी अम्माकडं जाते तवा त्यांना दोन-चार आसनं दावू का? नाकतोडा आन् नागीण. कंबरंला बरं पडंल."

मी रस्त्यातच थांबले. "तू दाखवणार? तुला अजून श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा ते कळत नाही. कुणाचं काही मोडलं, लचकलं, तर जबाबदार कोण? बाईंचं नाव जाईल. आसनं म्हणजे काही खेळ नव्हे जुबेदा."

तू माझ्यापुढे चालत घरी गेलीस. काही दिवस मागचं दारही उघडलं नाहीस. मग एका सकाळी नेहमीसारखी पानांवर पाणी शिंपडायला बसलीस आणि विचारलंस, "वैनी, खोबरं हाय का थोडं?" मला वाटलं, संपलं. मला वाटलं, तुला पटलं. खरं सांगू? मला तुझ्या हातून कुणाची कंबर मोडेल याची भीती नव्हतीच. तू शिकवायला लागलीस तर बायका तुझ्याकडेच बसतील, हसत हसत शिकतील, आणि माझं ते एवढंसं आसन माझ्याखालून जाईल, ही भीती होती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी ते जबाबदारीच्या पदराखाली झाकलं.

आता ती सकाळ. भाताची झोडणी संपली होती. मला दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं पुण्याला जायचं होतं, धाकट्या बहिणीच्या बाळाचं बारसं होतं. मी लाडू वळत होते. तू मागच्या पडवीत आलीस. माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत तू कधी आली नाहीस, आणि इतक्या वर्षांत मी तुला कधी ये म्हणाले नाही. पडवीतच भिंतीला टेकलीस आणि म्हणालीस, "वैनी, पोटात लय कळ मारतीया. सकाळधरनं दोनदा वकले."

मी मान वर करून नीट पाहिलं असतं तर? तुझा चेहरा मला आत्ता आठवतो, पण तेव्हा मी पाहिला नव्हता. मी म्हणाले, "वात धरलाय. काल काय खाल्लंस? थांब, आले." हात धुऊन आले आणि तुला पडवीत आडवं केलं. "पवनमुक्तासन कर. उजवा गुडघा घे." तू घेतलास. तो पोटापर्यंत येईना. तेव्हा मी, जुबेदा, मी माझ्या हातांनी तो दाबला. तू "अगं आई गं" म्हणालीस. मी म्हणाले, "श्वास सोड. सोड सगळा." मास्तरणीच्या आवाजात म्हणाले.

तू थोडा वेळ डोळे मिटून पडलीस. मग उठलीस, भिंत धरून. मी विचारलं, "बरं वाटतंय ना?" तू म्हणालीस, "व्हय, वाटतंय की." आणि जाताना म्हणालीस, "लाडू झाकून ठिवा, मुंग्या लागतील."

मी पुण्याला गेले. बारसं झालं, पाळणा म्हटला, मी घुगऱ्या वाटल्या. त्याच दिवशी, त्याच पुण्यात, रशीदभाई तुला गाडीनं घेऊन आले होते. इस्पितळ बहिणीच्या घरापासून फार लांब नव्हतं. मी पायी आले असते. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी कुठे उतरले आहे हे तिथं कुणाला ठाऊक असणार? डॉक्टर रशीदभाईंना म्हणाले, आत आतड्याला सूज येऊन फुटलं आहे, पोटात पू झाला आहे. मी परत लोणावळ्याला आले तेव्हा तुला माती देऊन झाली होती. तुमच्या मागच्या दाराला बाहेरून कडी होती आणि करंड्यांतली पानं कुजायला लागली होती.

मी आमच्या गावच्या डॉक्टरांकडे गेले आणि सरळ विचारलं, "मी गुडघा दाबला, त्यानं फुटलं का?" ते म्हणाले, "सांगता येत नाही. आधीच फुटलं असेल, नंतर फुटलं असेल. उशीर झाला, एवढं खरं." त्यांनी हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. नाही म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. पण हे मधलंच काहीतरी घेऊन मी जगायचं कसं?

रशीदभाईंनाही सांगितलं. दुकानाच्या फळीवर ते तसेच बसले होते, पानाला चुना न लावता. सगळं सांगितलं, हातांनी दाबला तेही. ते म्हणाले, "वैनी, मी तिला ओवा दिला आन् झोप म्हणालो. रातभर कण्हत व्हती, मी म्हणालो, सकाळी बघू."  कुणीच कुणाला माफ केलं नाही. करणार तरी कोण कुणाला? तो अधिकार तुझा होता.

दुखवट्याला आलेली तुझी लेक तळेगावला सासरी परत गेली, तेव्हा मी भाज्याला अम्मांना भेटायला निघाले. मळवली स्टेशनला उतरून शेताच्या बांधावरून चालत गेले. वाटेत ठरवत होते, काय सांगायचं. अम्मांच्या ओट्यावर चार-पाच बायका बसल्या होत्या. मला वाटलं, दुखवट्याला आल्या असतील. अम्मांनी माझा हात धरून मला आत घेतलं, थेट चुलीजवळ बसवलं आणि बायकांना म्हणाल्या, "ह्याच त्या इंदूवैनी. ज्यांनी आपल्या जुबेदाला हितं शिकवाय धाडलं."

मला काही कळेना. "मी धाडलं?"

"व्हय की," अम्मा म्हणाल्या. "दर बुधवारी यायची पोर. म्हनायची, माझी येण्याची विच्छा न्हवती अम्मा, पर वैनीनं लय आग्रह केला. म्हनली, भाज्याच्या बायांचं कंबरडं मोडलंय, जा, जाऊन शिकीव."

बुधवारी तू आईला बघायला जाते म्हणून सांगायचीस. मी तुझ्यासोबत अम्मांना लिंबाचं लोणचंही धाडलं होतं. तू माझं नाव पुढे करून, माझ्या नकाराला माझाच आग्रह बनवून, ओट्यावर नाकतोडे आणि नागिणी शिकवत होतीस. आणि त्या सगळ्या बायकांच्या मनात मी मोठी दयाळू बाई होऊन बसले होते.

त्यांतली हौसा नावाची एक बाई उठून म्हणाली, "बगा बरं, मी नीट करते का." तिनं तिथंच ओट्यावर टाचांवर बसून दाखवलं. पाठ ताठ, हात मांडीवर. मग आडवी झाली आणि गुडघा वर घेणार, तोच थांबली. म्हणाली, "ह्ये मी आज करत न्हाई. मला बरगडीखाली दुखतंय आन् आंग कढतंय. जुबाबी लय बजावून सांगायची. ताप असंल, पोटात दुखत असंल, तर गुडघा पोटाशी न्यायचा न्हाई. आदी डागतर. कुनीबी सांगितलं तरी न्यायचा न्हाई."

बाईंनी त्या दिवशी परत आत येऊन सांगितलेली गोष्ट हीच, जुबेदा. हसणं थांबल्यावर सांगितलेली. मी ती लाडू वळता वळता विसरले. मी तुला म्हणाले होते, तुला काही कळत नाही. आणि तू ती प्रत्येक बुधवारी, प्रत्येक बाईला, बजावून सांगत होतीस.

म्हणजे पडवीत आडवी पडलीस तेव्हा तुला ठाऊक होतं. मी तुझा गुडघा दाबत असताना तुला ठाऊक होतं.

मी अम्मांना तेव्हाच सांगितलं. तुझ्या आईला मी हे सांगायला नको होतं, असं आमचे हे नंतर म्हणाले. पण मला त्या दयाळू बाईच्या पाटावर क्षणभरही बसवेना. अम्मांनी ऐकलं. चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पुन्हा पुढं सारलं. मग त्या म्हणाल्या, "ती तुमाला न्हाई म्हनाय शिकलीच न्हाई." एवढंच. त्यात राग होता की दुःख, मला अजून उमगलेलं नाही. त्यांनी चहा दिला. मी प्याले.

हौसाच्या अंगाला हात लावला तर चटका बसला. किती दिवस ताप आहे विचारलं, तर म्हणाली, "येतो-जातो. जुबाबी म्हनली व्हती, पुढल्या बुधवारी मीच तुला लोनावळ्याला न्हेते. मंग तीच..." मी तिला म्हटलं, "ऊठ. आत्ता." तिचा नवरा रानातून येईपर्यंत थांबू म्हणून बायकांनी खूप सांगितलं. मी थांबले नाही. मळवलीपर्यंत तिला धरून आणलं, गाडीत बसवलं. डॉक्टरांच्या दारात ती अडून बसली. "मला आत न्हाई यायचं. बाप्या माणूस पोट बघणार व्हय?" मी म्हटलं, "मी आत येते. तुझा हात धरून उभी राहते." डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले. हिवतापानं पाणथरी, म्हणजे बरगडीखालची प्लीहा, वाढली होती. हिवतापावरचं कोयनेल दिलं, आणि कसं घ्यायचं ते मला दोनदा समजावून सांगितलं. बरी होईल म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मला रडू फुटलं. थांबेचना. लोक बघत होते. हौसा गोंधळली, मग तिनं तिच्या लुगड्याच्या पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "रडू नगा वो वैनी. मी काय येवढ्यात मरत न्हाई." तिला वाटलं, मी तिच्यासाठी रडते आहे. तिच्यासाठीही रडत असेन. मी तिला काही सांगितलं नाही.

आता भाज्याच्या बायका बुधवारी वाट बघतात असा निरोप आहे. मी जाईन बहुतेक. मला तुझ्यासारखं हसवता येणार नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळेल.

तुझे आभार मानायला हवेत. पाठ चोळलीस म्हणून, लाज वाटून घेतलीस म्हणून, माझ्यासारखीला कुणाच्या तरी नजरेत चांगली करून ठेवलीस म्हणून. पण आभाराचा शब्द जिभेवर आला की मागून दुसराच येतो. मला तुझा राग येतो, जुबेदा. माझा येतो त्याहून थोडा कमी, पण येतो. इतकी वर्षं मी तुला 'तू' म्हणत राहिले आणि तू मला 'तुमी'. त्या एका 'तुमी'पायी तू गप्प पडलीस ना? त्या सकाळी एकदा तरी माझा हात झिडकारून म्हणायचं होतंस, "वैनी, तुमी चुकताय." मी रागावले असते. नक्की रागावले असते, तुझ्याशी बोलणं टाकलं असतं, चार-आठ दिवस माझं मागचं दार बंद राहिलं असतं.

आणि मग मी ते उघडलं असतं, आणि समोर तू असतीस.